जनावरांचे तज्ज्ञ डॉक्टर कसे घडतात?

म्हैस विण्याच्या बेतात आहे, कळा देते आहे, पण पाणमोट, म्हणजे गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी, दिसत नाही आणि रेडकू पुढे सरकत नाही. दोन तास जातात, चार जातात. घरातली जाणती माणसं म्हणतात, थांबा जरा, मोकळी होईल. अशा वेळी बऱ्याचदा आत पिशवीला, म्हणजे गर्भाशयाला, पीळ पडलेला असतो. गायीपेक्षा म्हशीत हे जास्त दिसतं. डॉक्टर हात घालून पाहतात तेव्हा योनिमार्गाला पडलेल्या वळ्या हाताला लागतात. त्या वळ्या कुठल्या बाजूला फिरल्यात यावरून पीळ उजवा की डावा ते कळतं. मग म्हशीला पीळ असलेल्या कुशीवर पाडायचं, पोटावर लाकडी फळी ठेवायची, फळीवर माणूस उभा करायचा आणि पीळ ज्या दिशेला आहे त्याच दिशेला म्हशीला लोळवायचं. फळीच्या दाबानं आतला गर्भ जागीच राहतो, म्हशीचं अंग तेवढं फिरतं आणि पीळ सुटतो. दिशा चुकली तर तोच पीळ आणखी घट्ट होतो.

एवढं पशुवैद्यकाच्या प्रत्येक पदवीधरानं शिकलेलं असतं. खरी अडचण पुढे आहे. पीळ पडून दीड दिवस झाला असेल तर लोळवायचं की थेट सिझेरियनला हात घालायचा? तीनदा लोळवूनही सुटला नाही तर चौथ्यांदा प्रयत्न करायचा का? पीळ सुटला, पण पिशवीचं तोंड उघडत नाही, तर किती वेळ वाट बघायची? ही म्हैस पुढच्या वेताला गाभण राहील का, की मालकानं आताच विचार केलेला बरा? या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात चार ओळींत असतात. अशा पन्नास-शंभर म्हशी स्वतः हाताळलेल्या आणि त्यातल्या पहिल्या वीस-तीस वेळी शेजारी कुणी अनुभवी माणूस उभा असलेल्या डॉक्टरच्या डोक्यात ती अनेक पानं भरून असतात. पशुवैद्यकातला तज्ज्ञ म्हणजे हा माणूस. तो तसा कसा होतो, किती वर्षांत होतो आणि आपल्याकडे या वाटेवर कुठे खड्डे आहेत, ते या लेखात सांगायचं आहे.

एकाच विषयात अनेक प्राणी

माणसांच्या हृदयरोगतज्ज्ञाला एकाच जातीच्या प्राण्याचं हृदय शिकायचं असतं. पशुवैद्यकात तज्ज्ञपणाला दोन बाजू असतात. एक बाजू विषयाची: शल्यचिकित्सा, औषधोपचार, प्रजनन, विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी), सूक्ष्मजीवशास्त्र, क्ष-किरण. दुसरी बाजू प्राण्याची: गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, घोडे, कुत्री-मांजरं, कोंबड्या, वन्यप्राणी. शल्यचिकित्सेतला तज्ज्ञ घोड्याच्या पायात निष्णात असेल, म्हणून पोपटाचं पोट उघडण्यात निष्णात असेलच असं नाही.

हा फरक किती मोठा आहे हे भुलीच्या औषधांवरून लगेच कळतं. झायलाझिन हे गुंगीचं औषध घोड्याला ज्या मात्रेत देतात, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात गायीचं काम होतं. घोड्याची मात्रा गायीला दिली तर ती कोसळते. आपण डोकेदुखीवर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर उठते, कारण हे औषध निकामी करण्याची यकृतातली एक रासायनिक वाट मांजरात फार कमजोर असते. रवंथ करणाऱ्या जनावराला पूर्ण भूल देऊन आडवं केलं की पोट फुगतं, चारा-पाणी उलट वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून गायी-म्हशींच्या पोटाच्या कित्येक शस्त्रक्रिया जागच्या जागी बधिर करून केल्या जातात आणि गाय उभ्या उभ्या सगळं होऊ देते. चपट्या नाकाच्या पग कुत्र्याला भूल देताना सुरुवातीपासूनच जपावं लागतं. भूल उतरताना श्वासासाठी घातलेली नळी काढायचा क्षण तर फारच धोक्याचा असतो, कारण त्याचा घसा मुळातच अरुंद असतो. पक्ष्याच्या शरीरात हवेच्या पिशव्या पसरलेल्या असतात आणि त्याची छाती घट्ट धरली तर तो गुदमरतो.

भूलतज्ज्ञ हा आपल्याकडच्या प्राण्यांच्या दवाखान्यातला सर्वांत दुर्लक्षित माणूस आहे असं माझं ठाम मत आहे. बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रिया करणाराच भूलही सांभाळतो. एकाच माणसाचं लक्ष सुरीवर आणि श्वासावर एकाच वेळी कसं राहणार?

साडेपाच वर्षं, मग दोन, मग तीन

पशुवैद्यकाची पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या नावाची. ए.एच. म्हणजे पशुसंवर्धन, रोगाबरोबर चारा, पैदास, दूध, मांस हेही त्यात येतं. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६च्या नियमांनुसार हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे: साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. प्रत्येक महाविद्यालयातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून परिषद भरते. महाराष्ट्रात नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे माफसू, ही या क्षेत्रातली मुख्य संस्था. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथली जुनी पशुवैद्यक महाविद्यालयं तिच्या छत्राखाली आहेत आणि अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे.

मुंबईचं परळचं महाविद्यालय १८८६चं, या सगळ्यांत जुनं. त्याच्या जन्माची हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. आधी तिथे जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. दिनशा माणेकजी पेटिट यांनी दिलेल्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावानं, बाई साकरबाई रुग्णालय. ट्रामचे थकलेले घोडे, जखमी बैल, गाड्यांखाली आलेली कुत्री, सगळं तिथे येत होतं. मग त्याच आवारात जे. एच. स्टील या लष्करी पशुवैद्याच्या हाताखाली महाविद्यालय सुरू झालं. म्हणजे पहिल्या तुकडीच्या मुलांनी पुस्तक उघडलं तेव्हा भिंतीपलीकडे रुग्ण हजर होते. शिक्षणाचा हा क्रम अगदी योग्य होता.

पदवीनंतर तज्ज्ञ व्हायचं तर दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. आणि त्यापुढे किमान तीन वर्षांची पीएच.डी. देशपातळीवरच्या जागांसाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेची प्रवेश परीक्षा असते. तिच्या जोरावर मराठी मुलं बरेलीजवळच्या इज्जतनगरला, लुधियानाला, चेन्नईला जातात. विषय निवडतानाच पुढचं आयुष्य बऱ्यापैकी ठरतं: शल्यचिकित्सा आणि क्ष-किरण, चिकित्सालयीन औषधशास्त्र, किंवा पशुप्रजनन, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, हे तीन थेट रुग्णाशी जोडलेले विषय. बाकीचे प्रयोगशाळेचे, सार्वजनिक आरोग्याचे, आहाराचे, पैदाशीचे.

इथेच पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एम.व्ही.एस्सी. ही मुख्यतः संशोधनाची पदवी आहे. चार सत्रांत काही विषयांचा अभ्यास, परीक्षा आणि एक प्रबंध. शल्यचिकित्सेत एम.व्ही.एस्सी. करणारा विद्यार्थी, समजा, कुत्र्यांच्या मांडीच्या हाडाला दोन प्रकारच्या पट्ट्या बसवून कुठली जास्त चांगली याची तुलना करतो. त्या विषयावर तो दहा-बारा कुत्री बारकाईनं पाहतो, मोजतो, लिहितो. ही शिस्त मोलाची आहे आणि त्याला कमी लेखणारा मी नाही. पण त्या दोन वर्षांत त्यानं किती शस्त्रक्रिया स्वतः केल्या, किती वेळा मार्गदर्शकानं त्याचा हात थांबवला, किती रुग्ण दगावले आणि ते का दगावले यावर किती बैठका झाल्या, याचा हिशेब पदवीच्या कागदावर उमटत नाही. तो विभाग कसा चालतो आणि मार्गदर्शक कसा आहे यावर ठरतो. एकाच वर्षी, एकाच विषयात, दोन महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या दोन मुलांच्या हातात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

म्हणून एम.व्ही.एस्सी.साठी जागा शोधणाऱ्या मुलामुलींना मी एकच सांगतो. महाविद्यालयाचं नाव नंतर बघा, आधी तिथल्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी नऊ ते बारा दोन दिवस उभे राहा. किती गाड्या येतात, किती जनावरं उतरतात, तपासणी कोण करतं, प्राध्यापक स्वतः येतात का, रात्री अडलेली गाय आली तर दार कोण उघडतं, ते बघा. आताच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विचारा की गेल्या महिन्यात सुरी त्यांच्या हातात किती वेळा आली.

अमेरिका-युरोपात काय करतात

तिकडची रचना वेगळी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखं खूप आहे. अमेरिकेत आधी साधारण चार वर्षांची कुठलीतरी विज्ञानाची पदवी, मग चार वर्षांचं पशुवैद्यक, मग परवान्याची राष्ट्रीय परीक्षा. इथपर्यंत माणूस सर्वसाधारण पशुवैद्य होतो आणि बहुतेक जण इथेच थांबून उत्तम काम करतात. तज्ज्ञ व्हायचं असेल त्यानं पुढे एक वर्ष इंटर्नशिप करायची. सगळ्या विभागांत फिरायचं, रात्रपाळ्या करायच्या. त्यानंतर रेसिडेन्सी, बहुतेक विषयांत तीन वर्षांची. या जागा देशभर एका जुळवणी पद्धतीनं वाटल्या जातात: उमेदवार आपल्या पसंतीचा क्रम देतो, रुग्णालयं आपला देतात, आणि संगणक जोड्या लावतो. हव्या त्या विषयाची जागा पहिल्या झटक्यात न मिळालेले अनेक जण आणखी एक वर्ष त्याच विषयाची इंटर्नशिप करतात आणि पुन्हा अर्ज भरतात.

रेसिडेन्सीची जान म्हणजे देखरेख. त्या विषयात आधीच मान्यता मिळालेला तज्ज्ञ रेसिडेंटच्या शेजारी असावाच लागतो. प्रत्येक रुग्णाची, प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंदवही ठेवावी लागते: मुख्य हात कुणाचा होता, मदतीचा कुणाचा. अनेक विषयांत एखादा शोधनिबंधही लागतो. ही नोंदवही तपासून मान्य झाली तरच त्या विषयाच्या 'कॉलेज'ची परीक्षा देता येते. हे कॉलेज म्हणजे इमारत नसते, तज्ज्ञांची मान्यताप्राप्त संस्था असते. शल्यचिकित्सेची आहे, अंतर्गत औषधोपचाराची आहे, विकृतिशास्त्राची तर १९४९पासून आहे. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेनं अशा २२ संस्थांना मान्यता दिलेली आहे आणि त्यांच्या मिळून चाळीसहून जास्त विशेष शाखा होतात: हृदयरोग, मेंदू व मज्जासंस्था, कर्करोग, त्वचा, डोळे, दात, भूल, अतिदक्षता, प्राणीसंग्रहालयातले प्राणी, प्रयोगशाळेतले प्राणी, प्राण्यांचं वर्तनसुद्धा. परीक्षा पार केली की नावापुढे 'डिप्लोमेट' लागतं. ते नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेणं तिथे व्यावसायिक नीतीला सोडून मानलं जातं. बारावीनंतर मोजलं तर बारा वर्षं सहज जातात.

युरोपात अशीच तज्ज्ञमंडळं आहेत आणि तिथे आणखी एक पाऊल पुढे आहे: दर पाच वर्षांनी तज्ज्ञाला आपण अजून त्या विषयात काम करतो, शिकतो, शिकवतो हे दाखवून मान्यता नव्यानं घ्यावी लागते. ब्रिटनमध्येही तज्ज्ञांची अधिकृत यादी असते आणि त्या यादीत नाव असल्याशिवाय पाटीवर 'स्पेशालिस्ट' लिहिता येत नाही.

आपल्याकडे अशी क्लिनिकल तज्ज्ञांची राष्ट्रीय परीक्षा आणि यादी रुजलेली नाही. माणसांच्या डॉक्टरांत एम.डी.नंतर डी.एम., एम.सीएच. अशी पायरी आहे, पशुवैद्यकात एम.व्ही.एस्सी.नंतर थेट पीएच.डी., म्हणजे पुन्हा संशोधन. त्यामुळे जो कुत्र्यांच्या डोळ्यांचा किंवा हृदयाचा जाणकार होतो तो स्वतःच्या हिमतीवर होतो. कार्यशाळा, परदेशातले छोटे अभ्यासक्रम, एखाद्या ज्येष्ठाच्या दवाखान्यात कमी पगारावर घालवलेली दोन-तीन वर्षं, असं जमवत जमवत. मुंबई-पुण्यात असे खरोखर चांगले लोक आहेत. त्यांनी जे कमावलं त्याला कागद नाही, आणि कागद नाही म्हणून पुढच्या पिढीला त्या वाटेचा नकाशाही नाही. ही आपल्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे असं मला मनापासून वाटतं. नोंदवही, देखरेख आणि परीक्षा या तीन गोष्टींसाठी अमेरिकेइतका पैसा लागत नाही. त्यांसाठी विद्यापीठांची आणि परिषदेची इच्छा लागते.

परदेशात जाऊन सराव करू पाहणाऱ्या भारतीय पदवीधरांची वाटही सांगून टाकतो. अमेरिकेत त्यांना समकक्षतेच्या कार्यक्रमातून जावं लागतं: कागदपत्रांची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, ज्ञानाची संगणकीय परीक्षा आणि शेवटी तीन दिवसांची प्रात्यक्षिक परीक्षा. त्यात भूल, घोडा, गायी-म्हशींसारखी दुभती जनावरं, शवविच्छेदन, क्ष-किरण, लहान प्राण्यांचे रोग आणि शस्त्रक्रिया अशा सात भागांत हात तपासले जातात. गायीत तयार झालेला आपला मुलगा घोड्याच्या आणि भुलीच्या भागात अडखळू शकतो, कारण इथे सराव तेवढा झालेला नसतो. शिवाय परवान्याची राष्ट्रीय परीक्षा वेगळी. हे सगळं पार केल्यावर तो सर्वसाधारण पशुवैद्य ठरतो; तज्ज्ञपणाची शिडी तिथून सुरू होते.

जे तज्ज्ञ आपल्याला दिसत नाहीत

तज्ज्ञ म्हटलं की चकचकीत रुग्णालय आणि महागडी कुत्री डोळ्यांसमोर येतात. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४मध्ये सुरू झालं, त्यामुळे हे चित्र आणखी ठळक झालं आहे. तिथे काम करण्याची इच्छा बाळगण्यात काही गैर नाही. पण या शास्त्रानं समाजाला जे सर्वांत मोठं दिलं आहे ते बहुतेक वेळा मेलेल्या जनावराजवळ वाकून बसलेल्या माणसानं दिलं आहे.

गिधाडांचंच बघा. १९९०च्या दशकात भारत, पाकिस्तान, नेपाळमधली गिधाडं लाखोंनी नाहीशी झाली. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, असे अंदाज चालले होते. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदनं करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यक शास्त्रज्ञ लिंडसे ओक्स यांच्या चमूला आतल्या अवयवांवर पांढरा, खडूसारखा थर दिसत होता. मूत्रपिंड बंद पडल्यावर युरिक आम्ल साचून तो होतो. मूत्रपिंड बंद पाडणारं काय, याचा माग काढता काढता ते गुरांना दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकपर्यंत पोचले. औषध दिलेलं जनावर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं, आणि गिधाडं मेली. २००४मध्ये हे प्रसिद्ध झालं, २००६मध्ये भारतानं जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केलं, आणि पशुवैद्य मेलॉक्सिकॅमकडे वळले. विकृतिशास्त्र हा पदवीच्या वर्गातला कंटाळवाणा विषय मानणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही गोष्ट सांगायला हवी.

दुसरं उदाहरण कोकणातलं. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलातला ताप. १९५७मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात तो पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६मध्ये सिंधुदुर्गात त्याचे रुग्ण सापडले. हा गोचिडींतून येतो आणि माणसांआधी बहुधा माकडं मरतात. काजूच्या बागेत मेलेलं माकड सापडलं तर त्याकडे बघणारा पहिला शिकलेला माणूस गावचा पशुवैद्य असतो. त्यानं ते माकड हातमोजे न घालता उचललं तर त्याच्याच जिवाला धोका. त्यानं दुर्लक्ष केलं तर पुढच्या पंधरा दिवसांत बागेत काम करणारी माणसं तापानं फणफणू शकतात. अशा वेळी नमुना कसा घ्यायचा, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत तो कसा पोचवायचा, आसपासच्या गोचिडींचं काय करायचं, हे जाणणारा तज्ज्ञ म्हणजे पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य या शाखेचा माणूस. कोविडनंतर या शाखेचं महत्त्व लोकांना कळू लागलं आहे, तरी तिच्या जागा अजून तुटपुंज्या आहेत.

बुळकांडीची आठवण आता म्हाताऱ्या शेतकऱ्यांनाच असेल. गावंच्या गावं ओस पाडणारा गुरांचा हा रोग २०११मध्ये जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. त्या लढ्याचं एक टोक पुण्यात आहे. १८८९मध्ये गुरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी इथल्या विज्ञान महाविद्यालयात एक जीवाणू प्रयोगशाळा सुरू झाली, ती पुढे कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली आणि आज ती भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून इज्जतनगरला आहे. मुक्तेश्वरलाच १९२०च्या दशकात शेळ्यांत वाढवलेल्या विषाणूपासून बुळकांडीची लस तयार झाली. २०२२मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची मोठी साथ आली तेव्हा गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचली, कारण हे दोन्ही विषाणू एकाच कुळातले. कुठली लस कुणाला चालेल हे सांगणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञही पशुवैद्यकाचेच पदवीधर असतात.

कोंबड्यांच्या तज्ज्ञाचा रुग्ण म्हणजे एक अख्खी शेड. पाच मेलेले पक्षी उघडून त्याला दहा हजार जिवंत पक्ष्यांबद्दल निर्णय घ्यायचा असतो, तोही दुपारपर्यंत. पुण्याच्या आसपास कुक्कुटपालनाच्या कंपन्या मोठ्या आहेत आणि या शाखेत पगार चांगला मिळतो. प्रजननतज्ज्ञांना गोठित रेतमात्रा, भ्रूण प्रत्यारोपण, लिंगनिश्चित रेतन या कामांत मागणी आहे. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७मध्ये स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेनं कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेलं, तेव्हापासून ही शाखा महाराष्ट्रात पाय रोवून आहे. घोड्यांचे डॉक्टर पुणे-मुंबईच्या शर्यतींमुळे आणि स्टड फार्ममुळे टिकून आहेत. वन्यप्राण्यांकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी नागपूरला गोरेवाड्याचं केंद्र आहे. जागा थोड्या, इच्छुक भरपूर, आणि काम रोमांचक वाटतं त्याहून पुष्कळ जास्त थकवणारं. विहिरीत पडलेल्या बिबट्याला बेशुद्ध करताना त्याचं वजन वरूनच अंदाजानं ठरवायचं असतं आणि भोवती हजार माणसं ओरडत असतात.

एक गोष्ट मात्र सगळ्याच शाखांना लागू आहे. हा पेशा शरीराला धोक्याचा आहे. गायीची अडकलेली वार उघड्या हातानं काढणाऱ्या कित्येक पशुवैद्यांना ब्रुसेलोसिस झालेला आहे. महिनोन्महिने ताप, सांधेदुखी, घाम, आणि निदान होईपर्यंत वर्ष निघून जातं. विद्यार्थ्यांनी खांद्यापर्यंतचे हातमोजे घालण्यात कमीपणा मानू नये आणि शिक्षकांनी ते स्वतः घालून दाखवावेत.

शिकून आल्यावर

महाराष्ट्रात बहुतेक पदवीधरांचं लक्ष लोकसेवा आयोगामार्फत होणाऱ्या पशुधन विकास अधिकारी, गट-अ या पदाकडे असतं. सुरक्षित नोकरी, गावात मान, निवृत्तीची सोय. पण या पदाला मूळ पात्रता पदवीची. त्यामुळे शल्यचिकित्सेत एम.व्ही.एस्सी. झालेली मुलगी जिथे फक्त लसीकरण आणि कृत्रिम रेतन चालतं अशा दवाखान्यात रुजू होते, आणि विकृतिशास्त्रात तयार झालेला मुलगा टॅगिंगच्या, म्हणजे जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांच्या, नोंदी भरत बसतो. पाच वर्षं हात चालला नाही की कमावलेलं कौशल्य गंजतं. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांत नेमणुका करताना पदव्युत्तर विषय पाहिला गेला, प्रत्येक जिल्ह्यात किमान एक शल्यचिकित्सक आणि एक प्रजननतज्ज्ञ त्यांच्याच कामावर बसवला गेला, तर नवा खर्च न करता शेतकऱ्याला तज्ज्ञ मिळेल. देशात २०१९च्या गणनेनुसार ५३ कोटींहून जास्त पशुधन आहे. त्यातलं बहुतेक अशा लोकांच्या गोठ्यात आहे, ज्यांना म्हैस टेम्पोत घालून शंभर किलोमीटर नेणं परवडत नाही.

म्हणून आपल्याकडे तज्ज्ञापर्यंत रुग्ण पोचण्याची पद्धतही आपलीच असायला हवी. कुत्रं गाडीत घालून नेता येतं. अडलेली म्हैस नाही. गावचा डॉक्टर आणि तज्ज्ञ यांच्यात आज जे चालतं ते मोबाइलवर: फोटो, चालण्याचा व्हिडिओ, जनावराचं तापमान, आणि 'सर, काय करू?' हे काम हजारो रुग्णांना उपयोगी पडतं आहे आणि त्याची कुठेही नोंद नाही. निदान एवढं तरी व्हावं की जनावर पुढे पाठवताना किंवा फोनवर सल्ला विचारताना पहिल्या डॉक्टरनं कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: लक्षणं कधीपासून, कुठली औषधं कुठल्या मात्रेत दिली, वेदनाशामक आणि स्टिरॉइड दिलं का, आणि शेवटचा माज किंवा वेत कधी. पशुपालकांनीही ही चिठ्ठी मागून घ्यावी आणि सलाइनच्या रिकाम्या बाटल्या, औषधांची वेष्टनं फेकून न देता बरोबर न्यावीत. स्टिरॉइड आधीच दिलेल्या गाभण गायीत तज्ज्ञाचा निर्णय पूर्ण वेगळा असतो, कारण शेवटच्या महिन्यांत त्या औषधानं गर्भपात होऊ शकतो किंवा वेत लवकर सुरू होतं, आणि ते दिलंय हे कुणी सांगितलं नाही तर तज्ज्ञ त्याचं कारण भलतीकडेच शोधत राहतो.